गुरुवारची खूण

"आता सांगा सर, यात बाहेर कोण राहिलं?"

नेसरीकर मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. शाळा सुटली होती. आम्ही व्हरांड्यात खुर्च्या टाकून बसलो होतो. मध्ये स्टुलावर चहाचे पेले आणि माझी टाचणवही. पुढचा पाठ कसा घ्यायचा याचं टाचण काढत होतो. अपूर्णांकाचा धडा होता. आधी भाकरीचे तुकडे, मग कागदाच्या घड्या, मग फळ्यावर आकृती, असं सगळं मी मोठ्या ऐटीत मांडलं होतं.

"कोणी नाही," मी म्हणालो.

"नीट बघा."

मी वर्ग डोळ्यांसमोर आणला. कल्याणी दुंडगेला ऐकू येत नव्हतं; तिला भाकरी दिसणार होती, आकृती दिसणार होती. तानाजीला अक्षरं जड जायची; त्याच्या हातात घड्या होत्या. मग मला इरफान आठवला. तो एका जागी बसला तर ताप आलाय का म्हणून मी कपाळाला हात लावायचो.

"इरफान राहिला."

"मग?"

"त्याला भाकरी वाटायला उठवतो. मोडायचीही त्यानंच, समान तुकडे त्यानंच करायचे."

"झालं की मग," म्हणत मॅडमनी चहा उचलला. तो कधीच गार झाला होता. त्या तसाच प्यायच्या.

मी तेव्हा गडहिंग्लज तालुक्यातल्या तळेमाळच्या शाळेत तिसरी-चौथीचा जोडवर्ग घेत होतो. चाळिशीला टेकलो होतो. धाकट्या भावंडांची शिक्षणं आणि लग्नं उरकता उरकता माझं लग्न राहून गेलं होतं, आणि आता त्याबद्दल कोणी विचारतही नव्हतं. कल्याणी आमच्या शाळेत आल्यावर तालुक्यातून फिरत्या विशेष शिक्षिका म्हणून सुलभा नेसरीकर यायला लागल्या. त्यांच्याकडे पाच शाळा होत्या. आमच्या वाट्याला गुरुवार आला.

पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, "ही वर्गात काय करते?"

"काही त्रास नाही तिचा," मी म्हणालो होतो. "शांत बसते."

"शांत बसणं तिला घरूनच येतंय की, सर. शाळेत काय शिकते?"

मला राग आला होता. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला कोणी असं बोललं नव्हतं. संध्याकाळी गाडी यायला वेळ होता म्हणून त्या व्हरांड्यात बसल्या आणि माझं दुसऱ्या दिवसाचं टाचण बघायला मागितलं. वाचून झाल्यावर त्यांनी तो प्रश्न पहिल्यांदा विचारला. यात बाहेर कोण राहिलं? मी रागारागानं नावं सांगत गेलो आणि सांगता सांगता माझा आवाज खाली आला. अर्धा वर्ग बाहेर होता.

तेव्हापासून दर गुरुवारी हेच. त्या वर्गाला खुणा शिकवायच्या. एकट्या कल्याणीला नाही, सगळ्यांना. त्यांचं म्हणणं, हिला एकटीला भाषा देऊन काय करू, बोलायला माणसं नकोत का? मग शाळा सुटल्यावर पाचच्या गाडीपर्यंत आम्ही टाचण काढायचो. एका धड्यात शिरायला किती वाटा करता येतील यावर वाद घालायचो. त्या म्हणायच्या, "तुम्ही वाट करता ती तुमच्या उंचीची करता, सर. जरा वाका." मी म्हणायचो, "वाकून वाकून कंबर गेली माझी." त्या हसायच्या. हसताना तोंडावर हात धरायच्या.

गुरुवारी मी बाकीच्या दिवसांपेक्षा वेगळं काही करत नव्हतो, असं माझं ठाम मत होतं.

तर त्या दिवशी अपूर्णांकाचं टाचण संपवून, गार चहा पिऊन झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "एक सांगायचं होतं. घाटाखालच्या शाळेत एक पोरगा आहे. त्याला दिसत नाही. शाळेत नाव आहे, पण दिवसभर घरी उंबऱ्यावर बसून असतो. मला तिकडं जायला पाहिजे."

"जा की."

"दिवस कुठं आहे? पाच वार, पाच शाळा, शनिवारी तालुक्याची कचेरी. एक शाळा सोडायला लागणार."

मी वहीचं पान उगीच सरळ केलं.

"पुढच्या गुरुवारी पाठ तुम्ही एकट्यानं काढा," त्या म्हणाल्या. "मला आधी दाखवू नका. मी मागं बसून बघणार. कोणी बाहेर राहिलं नाही, तर तुमचा गुरुवार मी त्या पोराला देणार."

"आणि राहिलं तर?"

"तर अजून एक सत्र यायला लागेल मला."

त्या हे माझ्याकडे न बघता बोलल्या. तेवढ्यात गाडीचा आवाज आला, त्यांनी पिशवी खांद्याला लावली आणि गेल्या.

आता खरं सांगतो. पुढचे दोन दिवस मी पाठ कसा बिघडवायचा याचाच विचार करत होतो. काही अवघड नव्हतं. नुसतं तोंडी पाढे घेतले असते तरी कल्याणी बाहेर पडली असती, आणि मॅडम पुढच्या गुरुवारी गाडीतून उतरल्या असत्या. त्याच्या पुढच्याही. एक सत्र म्हणजे बरेच गुरुवार. माझ्या आयुष्यात आठवडाभर वाट बघण्यासारखं दुसरं काही नव्हतं. त्या बाई मला आवडत होत्या. त्यांचे मालक अपघातात गेले होते, मुलगा हायस्कुलात होता, घरी सासू-सासरे होते, एवढं मला माहीत होतं. मी कधी बोललो नव्हतो. टाचण काढत बसलो की बोलायची गरज पडत नसे.

शनिवारी सकाळची शाळा सुटताना मी नळाजवळ कल्याणीला बघितलं. बाटली भरायच्या नंबरावरून तिचं आणि इरफानचं जोरदार भांडण चाललं होतं. हातांनी. तिची बोटं इतक्या वेगानं चालत होती की इरफानला उत्तर द्यायला सवड मिळत नव्हती. तानाजी मध्ये पडून दोघांची समजूत घालत होता, तीही हातांनीच. बाजूच्या पोरी बघून हसत होत्या. वर्षापूर्वी ही पोरगी खिडकीपाशी बसून दिवसभर एकाच चित्रात रंग भरायची.

मी तिथं उभा राहिलो आणि मला न बघितलेला तो घाटाखालचा पोरगा दिसला, उंबऱ्यावर बसलेला. त्यानंतर पाठ बिघडवायचा विचार मला करता आला नाही.

मग मी टाचण काढायला बसलो, आणि इतकं जीव लावून मी आयुष्यात काही लिहिलं नव्हतं. विषय साधा होता, तिसरीतला: आठवडा आणि वार. माणसं मनातलं सांगायला काय काय करतात. मला टाचण तेवढं काढता येत होतं. मॅडमना आवडेल असं, त्या वाचतील तेव्हा कुठं थांबतील, कुठं हसतील हे मनात धरून मी एकेक ओळ लिहिली. प्रत्येक पानाखाली स्वतःलाच विचारलं, कोण बाहेर राहिलं? लिहून झालं तेव्हा मी खूश होतो आणि मला रडूही येत होतं.

गुरुवारी त्या आल्या, माझ्याशी दोन शब्द बोलल्या आणि वर्गात सगळ्यात मागं पोरांच्या बाकावर जाऊन बसल्या. गुडघे बाकाला टेकत होते. पिशवी मांडीवर.

फरशीवर मी खडूनं आठवड्याची घरं आखली होती. इरफानला म्हटलं, "तू उड्या मार. मी 'काल' म्हणून हात केला की मागं, 'उद्या' म्हणून हात केला की पुढं." तो असा काही उडायला लागला की बाकीच्यांना बसून राहवेना; मग सगळेच उडाले. खुणा आणि शब्द दोन्ही चालू होते, त्यामुळे कल्याणी कुठं अडली नाही. उलट दोनदा तिनंच इरफानला चुकीच्या घरातून ओढून बरोबर घरात उभं केलं. तानाजीकडे वारांच्या पट्ट्या होत्या, प्रत्येकीवर अक्षरं आणि एक छोटं चित्र. तो त्या ओळीनं लावत होता, चुकत होता, पुन्हा लावत होता, आणि त्याला कोणी घाई करत नव्हतं.

मी मागं बघितलं. मॅडम बारीक नजरेनं एकेकाला तपासत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

मग मी पाठाचा शेवटचा भाग काढला. तो मला स्वतःला फार आवडला होता. "आता कोणी तोंडानं बोलायचं नाही," मी सांगितलं, हातांनीही सांगितलं. "एकानं पुढं येऊन एक वार करून दाखवायचा. त्या वारी तुमच्याकडे काय होतं ते. बाकीच्यांनी ओळखून पट्टी वर धरायची."

माझा हिशेब असा होता की पोरं विचार करतील, अडतील, प्रत्येकजण वेगळं काही करील. तसं काही झालं नाही. पहिली पोरगी आली, तिनं कोंबडीची मान मुरगाळल्यासारखं केलं आणि सगळ्या वर्गानं रविवारची पट्टी वर धरली. दुसऱ्यानं डोळे चोळत जांभई दिली. सकाळच्या शाळेचा शनिवार. एकानं कपाळाला भंडारा लावल्यासारखं केलं, यल्लम्माचा मंगळवार. केळ सोललं की बुधवार, कारण शाळेत खाऊला केळी त्या दिवशी मिळायची. कोणी अडत नव्हतं. मी चक्रावलो.

"तुमचं हे आधीच ठरलेलं कसं रे?" न बोलायचा नियम मीच मोडला.

"आमचं असंच हाय की गुर्जी," इरफान म्हणाला. "कल्यानीनं काढल्यात. आम्ही मधल्या सुट्टीत असंच बोलतोय."

म्हणजे मॅडमनी शिकवलेल्या खुणा संपल्या तिथून पुढं कल्याणीनं स्वतः भाषा वाढवली होती, आणि वर्ग ती बोलत होता, आणि त्यांच्या गुरुजींना त्याचा पत्ता नव्हता. मला काय आनंद झाला! मी मॅडमकडे बघितलं. त्याही बाकावरून पुढं झुकल्या होत्या.

"बरं, गुरुवार राहिला," मी म्हणालो. "गुरुवार कोण दाखवतंय?"

कोणी उठेना. पोरी एकमेकींच्या खांद्यात तोंडं लपवायला लागल्या. तानाजी खाली बघत होता.

"गुर्जी, गुरुवार नको," इरफान म्हणाला. त्याला एवढं गंभीर मी कधी बघितलं नव्हतं.

"नको कसा? आठवड्यात गुरुवार नाही होय?"

मी हातांनी पुन्हा विचारलं, आणि कल्याणी सरळ उठून पुढं आली. तिला लाजण्यासारखं काही वाटत नव्हतं. तिच्या दृष्टीनं तो एक शब्द होता.

तिनं तळहात पाण्यात बुडवल्यासारखा केला आणि डोक्यावरून फिरवला. मग भांग पाडला, बाजूनं, नीट. कंगवा खिशात ठेवला. कॉलर दोन्ही हातांनी ओढून सरळ केली. शर्टाची पुढची बाजू हातानं दाबली, इस्त्री मोडली तर नाही ना बघतात तशी. मग दारापाशी गेली, डोळ्यांवर हात धरला आणि गाडीच्या रस्त्याकडे बघत उभी राहिली. परत आली. पुन्हा कंगवा काढला आणि पुन्हा भांग पाडला.

सगळ्या वर्गानं गुरुवारची पट्टी वर धरली. आणि तानाजी, जो वर्गात कधी मोठ्यानं वाचायचा नाही, त्यानं स्वतःची पट्टी वाचली, "गु-रु-वार."

माझे कान तापले. मी नकळत डोक्याकडे हात नेला आणि अर्ध्यातच खाली घेतला, त्यावर वर्ग जो हसला तो थांबेना. मी शर्टाकडे बघितलं. इस्त्रीचा होता. मागं बघायचं धाडस मला होत नव्हतं.

शेवटी बघितलं. मॅडम उभ्या राहिल्या होत्या. दोन्ही हात वर करून त्या पंजे हलवत होत्या, कल्याणीसाठी टाळ्या अशाच वाजवायच्या असतात. कल्याणी खुशीत जागेवर जाऊन बसली. मॅडमचे डोळे मात्र खाली, पिशवीकडे होते.

शाळा सुटल्यावर आम्ही व्हरांड्यात बसलो नाही. मी त्यांच्याबरोबर गाडीच्या थांब्यापर्यंत चालत गेलो. आधी कधी गेलो नव्हतो. थांबा म्हणजे चिंचेखालचा एक दगडी कट्टा.

"पाठ फार चांगला झाला, सर," त्या म्हणाल्या. "मी काढला असता तर इतका चांगला झाला नसता."

"मग गुरुवार गेला आमचा."

"गेला."

"पोरगा वाट बघत असेल तिकडं."

"त्याला अजून माहीत नाही कोणी येणार आहे ते," त्या म्हणाल्या. "माहीत नसलं की वाट बघायला लागत नाही. तेवढंच बरं."

लांब वळणावर धुरळा दिसायला लागला. मला वाटलं, आता बोललो नाही तर कधीच बोलणार नाही. पण मी कसं बोलायचं ते शोधायच्या आत त्यांनीच विचारलं, दर गुरुवारी विचारायच्या तसंच, "आता सांगा सर, यात बाहेर कोण राहिलं?"

"एकजण राहिला," मी म्हणालो.

"कोण?"

"शिकवणारा."

त्यांनी मान हलवली. त्यांना हे उत्तर अपेक्षित होतं.

"त्याचं टाचण मी पुष्कळदा काढून बघितलं," त्या म्हणाल्या. "घरी गेल्यावर, स्वयंपाक करताना. कसंही काढलं तरी कोणीतरी बाहेर राहतंय. माझ्या सासूबाईंचा एकुलता एक मुलगा गेला, सर. आता त्यांना डोळ्यांनीही कमी दिसतंय. घरात माझा आवाज आला की त्यांना दिवा लागल्यासारखं होतं. मी तिथून उठले तर त्या बाहेर राहतात, मामंजी राहतात. आणि नाही उठले तर..."

"तर मी राहतो."

"तर आपण दोघं राहतो," त्या म्हणाल्या.

सगळ्यांना आत घ्यायचं त्यांनीच मला शिकवलं होतं. गाडी येऊन थांबली. त्यांनी पिशवी खांद्याला लावली, चढल्या, माझ्याच बाजूच्या खिडकीपाशी बसल्या. कंडक्टरनं घंटी दिली.

गाडी हलली तेव्हा त्यांनी हात वर केला. मी निरोपाचा समजून माझाही वर केला. पण तो निरोपाचा नव्हता. तो हात त्यांनी स्वतःच्या केसांवरून फिरवला, भांग सारखा केल्यासारखा. मग खांद्यावरचा पदर नीट केला. कपाळाची टिकली चाचपली. आणि डोळ्यांवर हात धरून मागं, माझ्याकडे, बघत राहिल्या. पदराचं आणि टिकलीचं कल्याणीच्या खुणेत नव्हतं. ते त्यांचं त्यांनी घातलं होतं.

वळण येईपर्यंत त्यांचा हात खाली आला नाही.

त्यानंतर त्या तळेमाळला आल्या नाहीत. यायचं कारणच आम्ही ठेवलं नव्हतं. घाटाखालचा पोरगा शाळेत जायला लागल्याचं तालुक्याच्या बैठकीत कळलं. पुढं माझी बदली झाली, मग त्यांचीही कुठंतरी. त्यांच्या सासूबाई पुष्कळ वर्षं जगल्या असं ऐकलं, आणि मला ते ऐकून बरं वाटलं. इतकं सांभाळल्यावर माणसानं जगावंच.

टाचण मी निवृत्त होईपर्यंत तसंच काढत राहिलो. दर पानाखाली तो प्रश्न विचारत राहिलो. पोरं एकेक करून आत येत गेली.

मागच्या वर्षी यल्लम्माच्या यात्रेला तळेमाळला गेलो होतो. कल्याणी गावातच दिलेली आहे, शिवणकाम करते. तिनं हात धरून घरी नेलं, चहा केला. तिची धाकटी पोरगी माझ्यासमोर येऊन बसली. तिला ऐकू येतं, टुरूटुरू बोलते, पण आईशी हातांनी बोलते. बोलता बोलता मी सहज विचारलं, "यात्रेची सुट्टी संपून तुझी शाळा कधी सुरू व्हायची, बाळ?"

"गुरुवारी," ती म्हणाली, आणि आईलाही कळावं म्हणून हातानं सांगितलं. केसांवरून तळहात, भांग, कॉलर, आणि डोळ्यांवर हात धरून रस्त्याकडे नजर.

चहाचा पेला मी खाली ठेवला.

"गुरुवार असा का गं?" मी विचारलं. "असं कोण करतंय गुरुवारी?"

या म्हाताऱ्याला काहीच कसं माहीत नाही, असं तिनं माझ्याकडे बघितलं.

"कोण नाही. गुरुवार असाच असतोय," ती म्हणाली. "आमच्या शाळेत सगळी असाच म्हणत्यात."

कल्याणी चुलीपाशी उभी राहून आमच्याकडे बघत होती. तिनं मान एका बाजूला केली, दाराकडे, गाडीच्या थांब्यावरच्या चिंचेकडे.

मी डोक्यावरून हात फिरवला. विंचरण्यासारखं तिथं आता काही उरलेलं नाही. कॉलर मात्र सरळ केली आणि दाराबाहेर रस्त्याकडे बघितलं.